गोवर परत आलाय: नाशिकचे पालक सारखे विचारतात ते प्रश्न

सिडकोतल्या आया, मालेगावचे अब्बू, सुरगाण्याच्या आशाताई, झेडपी शाळांचे गुरुजी अशा अनेकांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं लिहून ठेवलेली बरी. पहिले प्रश्न सोपे आहेत, पुढे अडचणीचे येतात. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गोवर तर संपला होता ना? मग परत आला कुठून?

आपल्या देशातून तो कधी गेलाच नव्हता. देवी गेल्या, पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्यामुळे गोवरही गेला असं अनेकांनी धरून टाकलं. खरं तर तो फक्त कमी झाला होता. गोवराची लस सरकारी कार्यक्रमात १९८५ पासून आहे. दुसरा डोस २०१० पासून टप्प्याटप्प्याने आला. मग गोवर आणि रुबेला (गोवरासारखंच पुरळ आणणारा दुसरा आजार) या दोन्हींच्या लसीची मोठी मोहीम झाली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना शाळेत, अंगणवाडीत लस दिली गेली. त्यानंतरची दोन वर्षं बरी गेली.

पुढे कोविड आला. २०२० आणि २०२१ मध्ये लसीकरणाची सत्रं बंद पडली, आशाताई कोविडच्या कामाला जुंपल्या गेल्या, आणि लोक दवाखान्याची पायरी चढायला घाबरू लागले. त्या काळात जन्मलेली बाळं २०१८ च्या मोहिमेतही नव्हती आणि त्यांचे नेहमीचे डोसही चुकले. २०२२ च्या हिवाळ्यात मुंबईत गोवंडीच्या बाजूला, भिवंडीत आणि आपल्या जिल्ह्यात मालेगावात गोवर उसळला, तो याच मुलांमध्ये. राज्याला तेव्हा कृती दल नेमावं लागलं.

परदेशातही हेच चाललंय. अमेरिकेने २००० मध्ये गोवर संपल्याचं जाहीर केलं होतं, तिथे २०२५ मध्ये टेक्सासात मोठी साथ आली. कॅनडाचा ‘गोवरमुक्त’ दर्जा नोव्हेंबर २०२५ मध्ये गेला. भारताने गोवर-रुबेला संपवण्यासाठी आधी २०२३ साल धरलं होतं, ते आता २०२६ वर गेलं आहे.

लसीला विरोध करणाऱ्यांमुळे गोवर आला, असं टीव्हीवरच्या चर्चेत ऐकू येतं. नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर मला ते अर्धंच पटतं. इथे नकार देणारं एखादं घर असेल, पण ‘पहिला घेतला, दुसरा राहून गेला’ अशी घरं कितीतरी जास्त आहेत. या पानाचा निम्मा भाग त्या राहिलेल्या डोसाबद्दलच आहे.

२. अंगावर पुरळ आलंय. गोवर आहे की कांजिण्या की घामोळं, कसं ओळखायचं?

क्रम पाहा. गोवरात आधी तीन-चार दिवस चढता ताप, सर्दी, कोरडा खोकला आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. मूल उजेडाकडे बघायला नको म्हणतं. या दिवसांत गालाच्या आतल्या बाजूला, दाढांसमोर, मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसू शकतात. मग पुरळ उठतं. ते कानामागे आणि केसांच्या कडेला सुरू होतं, तिथून चेहरा, छाती, पोट असं खाली पायांपर्यंत उतरतं. पुरळ येताना ताप आणखी वाढतो. सावळ्या कातडीवर लाली ठळक दिसत नाही, तेव्हा हात फिरवून बघा, खरखरीत लागतं. उतरताना डाग तपकिरी होतात आणि कोंड्यासारखी साल निघते.

कांजिण्यांत पाण्याने भरलेले फोड असतात, खूप खाजतात आणि सहसा पोटापाठीवर आधी दिसतात. घामोळ्यात ताप नसतो. ताप पूर्ण उतरल्यावर अचानक पुरळ आलं, तर तो बहुधा वेगळा किरकोळ विषाणू असतो. रुबेलात ताप हलका असतो आणि कानामागच्या गाठी सुजतात. डेंग्यूतही पुरळ येतं, पण नाक वाहणं आणि खोकला सहसा नसतो. पावसाळ्यानंतर नाशिकमध्ये डेंग्यू असतोच, त्यामुळे ताप आणि पुरळ असलेलं मूल घरच्या अंदाजावर सोडू नका. शंका असेल तर रक्त तपासल्यावरच नक्की कळतं (प्रश्न १५).

३. तो पसरतो कसा? एका घरात आला की गल्लीत जातोच का?

हवेतून. गोवर असलेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथली हवा लागण करू शकते. प्रतिकारशक्ती नसलेली दहा मुलं जवळ असतील तर त्यांतल्या नऊ जणांना होतो. माणसाला होणाऱ्या आजारांत इतका पसरणारा दुसरा सापडणं कठीण.

पुरळाच्या चार दिवस आधीपासून ते पुरळ आल्यावर चार दिवसांपर्यंत मूल दुसऱ्याला देतं. म्हणजे ‘नुसती सर्दी आहे’ म्हणून अंगणवाडीत पाठवलेलं मूल तिथे गोवर वाटत असतं. लागण झाल्यापासून पुरळ दिसेपर्यंत साधारण दोन आठवडे जातात, क्वचित तीन. लग्नाहून परतल्यावर पंधरा दिवसांनी पुरळ आलं तर ते तिथलंच असू शकतं. शेजारच्यांना दोष देऊ नका.

४. आमच्या लहानपणी सगळ्यांना गोवर व्हायचा, काही झालं नाही. एवढं काय घाबरायचं?

ज्यांना काही झालं, ते हा प्रश्न विचारायला राहिलेले नाहीत. हे कडक वाटेल, पण हिशेब तसाच आहे. लस सर्वदूर पोचण्याआधी, १९८० च्या सुमारापर्यंत, जगात गोवराने दरवर्षी अंदाजे २६ लाख माणसं जात, त्यांतली बहुतेक लहान मुलं. २०२३ मध्येही अंदाजे १ लाख ७ हजार गेली.

मूल सहसा पुरळाने दगावत नाही. त्याच्यामागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबांनी दगावतं. कान फुटतो, ऐकू कमी येतं. जीवनसत्त्व अ कमी असलेल्या मुलाची नजर जाऊ शकते. साधारण हजारात एकाच्या मेंदूला सूज येते. क्वचित आणखी भीषण प्रकार होतो: विषाणू मेंदूत दबा धरून राहतो आणि सहा-आठ-दहा वर्षांनी चांगलं शाळेत जाणारं मूल विसरू लागतं, पडू लागतं, झटके येऊ लागतात. त्यावर उपाय नाही. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना हा धोका जास्त.

आणखी एक गोष्ट २०१९ च्या अभ्यासांतून स्पष्ट झाली. इतर आजारांविरुद्ध शरीराने कमावलेली प्रतिकारशक्तीची आठवणच गोवर बऱ्याच अंशी पुसून टाकतो. म्हणून गोवर बरा झाल्यावरही कित्येक महिने मूल सारखं आजारी पडतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात जिथे वजन आधीच कमी, तिथे हे महिने फार जड जातात.

५. लस नक्की कधी द्यायची? सरकारी वेळापत्रक आणि खासगी डॉक्टरांचं वेगळं का?

सरकारीत गोवर-रुबेला म्हणजे एमआर लसीचे दोन डोस असतात. पहिला नऊ महिने पूर्ण झाल्यावर, वर्षाच्या आत. दुसरा १६ ते २४ महिन्यांत. दोन्ही मोफत. उजव्या दंडावर, कातडीखाली, अर्धा मिली. पहिल्या डोसाबरोबर जीवनसत्त्व अ चा पहिला डोसही पाजतात.

खासगीत बालरोगतज्ज्ञ बहुधा एमएमआर देतात, तिच्यात गालगुंडाची लस जास्त असते. ती नऊ महिने, पंधरा महिने आणि चार ते सहा वर्षं अशी तीनदा देतात. गोवरासाठी दोन्ही तितक्याच चालतात. पहिला डोस सरकारीत आणि दुसरा खासगीत घेतला तरी हरकत नाही, फक्त दोन्हींची नोंद एकाच कार्डावर करून घ्या.

लोक नेमके कुठे घसरतात ते सांगतो. नवव्या महिन्यात न्यूमोनियाच्या लसीचा बूस्टर असतो, सोळाव्या महिन्यानंतर त्रिगुणीचा बूस्टर असतो. ‘बूस्टर झाला’ असं आई सांगते आणि सगळे मान डोलावतात. कोणता बूस्टर? कार्डावर ‘एमआर २’ समोर तारीख आहे का, एवढंच बघा.

६. पहिला डोस झाला, दुसरा राहिला. आता मूल तीन वर्षांचं आहे. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं का?

नाही. उद्याच दुसरा घ्या, पहिला वाया जात नाही. दोन डोसांत कमीत कमी चार आठवडे हवेत, जास्तीची मर्यादा नाही. एकही झाला नसेल तर आज एक आणि महिन्याने दुसरा.

सरकारी केंद्रावर राहिलेला एमआर पाच वर्षांपर्यंत देतात. मूल पाचच्या पुढे गेलं असेल तर खासगीत एमएमआर मिळते, किंवा मोहीम लागली की तिथे विचारा. ‘आता मोठा झाला, कशाला’ हे ऐकू नका. गोवर सात वर्षांच्या मुलालाही होतो.

दुसरा डोस का लागतो, हेही विचारतात. नऊ महिन्यांच्या बाळात आईकडून आलेली प्रतिपिंडं थोडी उरलेली असतात आणि ती लसीच्या आड येतात. त्या वयात दिलेला डोस साधारण ८५ टक्के मुलांमध्ये लागू पडतो. उरलेल्या पंधरांमध्ये तुमचं मूल आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. दोन डोसांनंतर संरक्षण ९५ टक्क्यांच्या पुढे जातं.

७. लसीचं कार्ड हरवलंय. काय काय दिलं ते आठवत नाही.

आधी जिथे लस दिली त्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये किंवा आशाताईच्या वहीत शोधा. अलीकडच्या बाळांची नोंद लसीकरणाच्या सरकारी यूविन पोर्टलवर मोबाइल नंबरवर सापडते. काहीच सापडलं नाही तर डोस झालाच नाही असं धरून द्यायचा. चुकून जास्तीचा एमआर गेला तर अपाय होत नाही.

दंडावरची खूण दाखवून ‘झालीय की’ म्हणणारे भेटतात. ती डाव्या दंडावरची खूण बीसीजीची, क्षयावरची. एमआर लस खूण सोडत नाही.

८. आम्ही पेठचे. छाटणीला दिंडोरी-निफाडला येतो, चार महिने मळ्यातच असतो. इथे लस देतात का? आधार कार्ड गावाकडचं आहे.

देतात. सरकारी लस बाळाला कुठल्याही केंद्रावर मिळते, राहण्याचा पुरावा लागत नाही. कोणी ‘तुमच्या गावी घ्या’ म्हणालं तर तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला भेटा.

हा प्रश्न मला या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मग खुडा. वीटभट्ट्या आणि ऊसतोड वेगळी. बाळाचा पहिला डोस गावी होतो आणि दुसऱ्याच्या वेळी घर मळ्यात असतं. गावची आशाताई ‘बाहेरगावी’ असं लिहिते, मळ्याजवळच्या आशाताईच्या यादीत ते घर नसतंच. दोघींचीही चूक नसते आणि बाळ मधल्या मध्ये सुटतं. सातपूर-अंबडला भाड्याच्या खोलीत राहून कंपनीत जाणाऱ्यांचंही हेच होतं, मालेगावात यंत्रमागावर आलेल्यांचंही.

कार्ड गावी पेटीत ठेवू नका, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मुक्कामी आलात की पहिल्या आठवड्यात जवळच्या उपकेंद्रात बाळाचं नाव सांगा. बागायतदारांनाही एक विनंती: मजुरांची उचल लिहिताना त्यांच्या पाच वर्षांखालच्या मुलांची नावं आशाताईला कळवा. पाच मिनिटांचं काम आहे.

९. लसीच्या दिवशी बाळाला सर्दी होती म्हणून परत आलो. बरोबर केलं ना?

सर्दी, खोकला, हलका ताप, जुलाब यांत लस देता येते. अँटिबायोटिक चालू असलं तरी चालते. मूल खरंच आजारी असेल, जोराचा ताप असेल किंवा भरती करायची वेळ असेल, तरच थांबायचं. लहान मुलाला महिन्यातून एकदा सर्दी होतेच. दर वेळी परत फिरलात तर डोस कधीच होणार नाही.

ठरलेल्या दिवशीच या, असा आग्रह का असतो तेही समजून घ्या. एका कुपीत अनेक डोस असतात आणि पाणी घालून पातळ केल्यावर ती चार तासांतच वापरावी लागते. उरलेली फेकायची असते.

१०. लस दिल्यावर आठ दिवसांनी ताप आला, अंगावर थोडं पुरळही आलं. लसीनेच गोवर दिला का?

लसीत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. शरीर त्याच्याशी ओळख करून घेतं, तेव्हा सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही मुलांना एक-दोन दिवस ताप आणि हलकं पुरळ येतं. ते आपोआप जातं आणि त्यापासून घरातल्या दुसऱ्या कुणाला गोवर होत नाही. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाच्या हिशेबाने. क्वचित तापामुळे झटका येतो. तेव्हा लगेच दवाखाना.

तीव्र ॲलर्जी दहा लाखांत एखाद्याला होते आणि ती लगेचच होते. म्हणून लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबवतात. तो अर्धा तास कंटाळवाणा असला तरी थांबा.

११. घरात गोवर आलाय. आता काय करायचं?

दवाखान्यात न्या, पण आधी फोन करून सांगा. बालरोगतज्ज्ञाच्या वेटिंगमध्ये लस न झालेली तान्ही बाळं बसलेली असतात. गोवराचं मूल त्यांच्यात अर्धा तास बसवणं म्हणजे साथीला आमंत्रण.

विषाणू मारणारं औषध नाही. पण एक उपाय खरोखर जीव वाचवतो, तो म्हणजे जीवनसत्त्व अ. गोवर झालेल्या मुलाला तो सलग दोन दिवस पाजतात: सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिने १ लाख, वर्षाच्या पुढे २ लाख. डोळ्यांत काही बिघाड दिसला तर काही आठवड्यांनी तिसरा डोस. सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. खासगीत दाखवत असाल तर ‘जीवनसत्त्व अ दिलं का’ हे आपणहून विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. स्वतःच्या मनाने मात्र मेडिकलमधून आणून पाजू नका, जास्त झालं तर अपाय होतो.

बाकी घरचं. अंगावर पाजत राहा. वरणाचं पाणी, पेज, ताक, मऊ खिचडी थोडं थोडं सारखं द्या. जुलाब झाले तर ओआरएस आणि डॉक्टर सांगतील तसं झिंक. डोळे स्वच्छ ओल्या कापडाने पुसा. अँटिबायोटिक न्यूमोनिया किंवा कान पिकला तरच लागतं. ॲस्पिरिन नको.

पुढचं काही दिसलं तर रात्र असली तरी निघा, १०८ ला फोन करा. श्वास जोरात चालतोय (वर्षाच्या आतल्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त), छाती आत ओढली जातेय, मूल पीत नाही किंवा सगळं उलटून टाकतंय, झटका आला, गुंगीत आहे, डोळ्याचं बुबुळ पांढरट दिसतंय. नाशिकमध्ये सिव्हिल, महापालिकेची बिटको आणि झाकीर हुसेन रुग्णालयं आहेत, मालेगावात सामान्य रुग्णालय.

१२. सासूबाई म्हणतात, देवीचं आहे, औषध द्यायचं नाही, आंघोळ नाही, घरात फोडणीसुद्धा नाही. काय करू?

भांडू नका. जे निरुपद्रवी आहे ते चालू द्या. उशाशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला, आठवडाभर फोडणी दिली नाही, बाहेरच्यांना घरात घेतलं नाही, तर बिघडत काहीच नाही. शेवटची गोष्ट तर उलट चांगलीच आहे. मनुका भिजवून देतात, त्याही मुलाला खाता येत असतील तर द्या.

अडवायचं ते तीन ठिकाणी: दवाखाना, पाणी आणि दूध. ‘गोवर आत जाईल’ म्हणून औषध थांबवणं, जुलाब होताहेत म्हणून पाणी तोडणं, अंगावरचं दूध बंद करणं, यांतून मुलं गेली आहेत. कोमट पाण्याने अंग पुसलं तर पुरळ आत जात नाही. डोळ्यांत कसलाही रस, मध किंवा दूध घालू देऊ नका. सासूबाईंना आशाताईच्या तोंडून सांगितलेलं जास्त पटतं, असा बहुतेक सुनांचा अनुभव आहे.

१३. बाळ सात महिन्यांचं आहे आणि शेजारी गोवर निघालाय. लसीला अजून वेळ आहे. थांबू का?

थांबू नका, आजच आरोग्य केंद्रात जा. साथीच्या भागात सहा महिन्यांपासून एक जादा डोस देता येतो. २०२२ च्या साथीत केंद्र सरकारने राज्यांना तशी सूचना दिली होती: जिथे नऊ महिन्यांखालच्या बाळांचं प्रमाण रुग्णांत दहा टक्क्यांहून जास्त, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस. हा डोस मोजणीत धरत नाहीत. नऊ महिन्यांचा आणि सोळा महिन्यांनंतरचा, हे दोन्ही पुढे द्यायचेच. इथे पालक हमखास चुकतात.

लस न झालेल्या मोठ्या मुलाचा गोवराच्या रुग्णाशी संबंध आला असेल, तर ७२ तासांच्या आत लस दिल्यास आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. सहा महिन्यांहून लहान बाळाला लस देता येत नाही. त्याच्यासाठी सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं, इंजेक्शन हा पर्याय असतो, तो रुग्णालयात ठरवतात.

१४. शाळेत, अंगणवाडीत किती दिवस पाठवायचं नाही?

पुरळ दिसलेला दिवस सोडून पुढचे चार दिवस पूर्ण घरी, आणि अंगात ताकद येईपर्यंत त्यापुढेही. वर्गातल्या बाकीच्या मुलांची कार्डं बाईंनी त्याच दिवशी तपासावीत.

१५. सरकारी लोकांना कळवलं तर घरावर शिक्का बसेल, म्हणून डॉक्टरांना सांगितलं की नाव देऊ नका.

शिक्का वगैरे काही बसत नाही. ताप-पुरळाचा प्रत्येक संशयित रुग्ण कळवायचा, असा नियम आहे, खासगी डॉक्टरांनाही. मग मुलाचं थोडं रक्त तपासायला घेतात, आणि गोवर की रुबेला की दुसरं काही ते ठरतं. आजूबाजूच्या घरांतल्या मुलांची कार्डं बघून राहिलेले डोस दिले जातात. तुम्ही लपवलंत तर तुमच्या मुलाचा गोवर बराच होईल कदाचित, पण पलीकडच्या खोलीतलं आठ महिन्यांचं बाळ कुणाच्या यादीत येणार नाही. कुठे कळवायचं सुचत नसेल तर १०४ ला फोन करा.

१६. दोन्ही डोस घेतले होते, तरी गोवर झाला. मग उपयोग काय?

दोन डोसांनंतरही शंभरात तीन-चार मुलं सुटतात. त्यांना झाला तरी सहसा सौम्य होतो. कधी कधी तो गोवर नसतोच, दुसरंच पुरळ असतं (प्रश्न २).

१७. लसीने ऑटिझम होतो, पुढे मुलं होत नाहीत, असे मेसेज येतात. लसीत डुकराचं काही असतं असंही म्हणतात.

ऑटिझमची गोष्ट १९९८ मध्ये लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकातल्या एका लेखाने सुरू झाली. अवघ्या बारा मुलांवरचा तो लेख. त्यातली माहिती फिरवलेली निघाली, २०१० मध्ये लेख मागे घेतला गेला आणि लेखक अँड्र्यू वेकफिल्ड यांचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं. पुढे डेन्मार्कने साडेसहा लाखांहून जास्त मुलं वर्षानुवर्षं पाहिली, निकाल २०१९ मध्ये आला: लसीचा आणि ऑटिझमचा संबंध नाही. ऑटिझमची लक्षणं दिसू लागण्याचं वय आणि लसीचं वय शेजारी-शेजारी येतं, म्हणून आईबापांच्या मनात शंका येते. ती येणं समजू शकतं.

वंध्यत्वाची अफवा पोलिओच्या वेळीही होती. उलट गर्भार बाईला रुबेला झाला तर बाळ आंधळं, बहिरं, हृदयात दोष घेऊन जन्मू शकतं. आज मुलींना दिलेली एमआर तेच टाळते.

डुकराच्या शंकेबद्दल, म्हणजे जिलेटिनबद्दल, सरळ सांगतो. पुण्यात बनणाऱ्या एमआर लसीत स्थिर राहण्यासाठी थोडं जिलेटिन असतं. या शंकेवर इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने २०१८ मध्ये विचार केला. डुकरापासूनच्या घटकाबद्दल आक्षेप नोंदवूनही, पर्याय नाही आणि जिवाचा प्रश्न आहे म्हणून ही लस वापरायला त्यांनी परवानगी दिली. मालेगावात तुमच्या मनात खटका असेल तर आपल्या मौलानांना हे दाखवून विचारा.

१८. आमच्या सोसायटीत सगळ्यांनी घेतलीय. माझ्या एकट्याच्या मुलाने नाही घेतली तर काय बिघडतं?

गोवर थांबायला शंभरात पंच्याण्णव जणांना दोन्ही डोस लागतात. उरलेल्या पाच जागा आधीच भरलेल्या आहेत: नऊ महिन्यांखालची बाळं, कॅन्सरचं औषध चालू असलेली मुलं, ज्यांच्यात लस लागू पडली नाही ती. शिवाय तुमचं मूल सोसायटीत कोंडलेलं नसतं. रविवार कारंजाला जातं, सप्तशृंगगडावर जातं, रेल्वेने मुंबईला जातं.

१९. मी गरोदर आहे. मोठ्या मुलाला एमआर द्यायची आहे, चालेल? आणि मी स्वतः घेऊ का?

मुलाला जरूर द्या, लस घेतलेल्या मुलापासून तुम्हाला धोका नाही. तुम्ही स्वतः मात्र गरोदरपणात घ्यायची नाही. लस घेतल्यावर महिनाभर दिवस राहू देऊ नयेत. अंगावर पाजणारी आई घेऊ शकते. गरोदरपणात गोवराच्या रुग्णाजवळ गेला असाल तर सहा दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटा. गर्भपात, वेळेआधी बाळंतपण आणि आईला न्यूमोनिया, हे धोके खरे आहेत.

बाकीच्या मोठ्यांचं: ज्यांना लहानपणी गोवर होऊन गेला ते सहसा सुरक्षित. नर्सिंगला असलेल्या मुली, दवाखान्यात काम करणारे, आशाताई यांनी दोन डोसांची नोंद नसेल तर चार आठवड्यांच्या अंतराने एमएमआर घ्यावी. ती सरकारी कार्यक्रमात मोफत नाही.

२०. मुलाला आधीचा आजार आहे. लस देऊ की नको?

अंड्याची ॲलर्जी, पूर्वी तापात आलेली आकडी, कमी वजन, कुपोषण: द्यायचीच. कुपोषित मुलाला तर आधी द्यायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने जन्मतारखेपासूनच मोजायचे.

थांबायचं ते इथे. स्टेरॉइड मोठ्या प्रमाणात दोन आठवडे किंवा जास्त चाललं असेल, तर बंद झाल्यावर साधारण महिनाभर. रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल, तर काय आणि किती दिलं यावर तीन ते अकरा महिने. क्षयाची कातडीवरची चाचणी करायची असेल, तर लसीच्याच दिवशी किंवा चार आठवड्यांनी, नाहीतर ती खोटी ‘नाही’ दाखवू शकते. एचआयव्ही असलेल्या मुलाला, प्रतिकारशक्ती फार ढासळलेली नसेल तर, लस देतात. कॅन्सरचं औषध चालू असेल किंवा आधीच्या डोसाला तीव्र ॲलर्जी झाली असेल तर द्यायची नाही. अशा मुलाच्या घरातल्या बाकी सगळ्यांनी मात्र घ्यायची, त्याचं संरक्षण तेवढंच आहे. कांजिण्यांची लस आणि एमआर एकाच दिवशी चालतात. वेगळ्या दिवशी घेतल्यास मध्ये चार आठवडे ठेवा.

२१. सिंहस्थ येतोय. लहान बाळाला रामकुंडावर न्यावं का?

२०२७ च्या पर्वण्यांना देशभरातून माणूस येणार, आणि प्रत्येक राज्यातला गोवर आपल्या गल्लीत येऊ शकतो. नऊ महिन्यांखालच्या बाळाला त्या गर्दीत नेऊ नका, आजीकडे ठेवा. बाकीच्यांचे दोन्ही डोस आधीच झालेले असू द्या. लस लागू पडायला दोन आठवडे तरी लागतात. पंचवटीत घरी पाहुणे उतरणार असतील तर त्यांच्या मुलांच्या डोसांचं आधीच विचारून घ्या.

२२. थोरल्याला मागच्या वर्षी गोवर होऊन गेला. त्याला आता लस लागते का?

लागते. ‘होऊन गेला’ यातलं बरंचसं अंदाजाने म्हटलेलं असतं. रक्ताचा अहवाल नसेल तर तो रुबेला किंवा भलतंच पुरळ असू शकतं. खरंच गोवर होता असं धरलं तरी लसीतली रुबेलाची बाजू उरतेच. मूल पूर्ण बरं झालं, खायला-प्यायला लागलं की राहिलेले डोस वेळापत्रकाप्रमाणे द्या. मध्ये चार आठवडे सोडा. जाताना कार्ड न्या, नसेल तर प्रश्न ७ पाहा.